आरसा गेला, काका राहिले

२०१४ च्या फेब्रुवारीत कॅननने ईओएस १२००डी हा डीएसएलआर कॅमेरा जाहीर केला, आणि पुढची दोन-तीन वर्षं महाराष्ट्रात बारसं, साखरपुडा, गणपती नि गडावरची सहल यांतलं काहीही तो गळ्यात लटकल्याशिवाय पार पडेना. पाठोपाठ फेसबुकवर अमुक फोटोग्राफी, तमुक क्लिक्स अशी पानं उगवली. फोटोच्या कोपऱ्यात सही आली; ती कधीकधी फोटोपेक्षा स्पष्ट असे. कोथरूडच्या एका काकांनीही तेव्हा तो घेतला. १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्सचा डबल किट, वर पिशवी नि कार्ड फुकट. नऊ वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच कंपनीचा आर५० हा मिररलेस आला आणि काकांच्या पुतणीने पहिल्या बोनसमधून तो उचलला. तेव्हापासून त्या घरात दोन पक्ष आहेत. काकू तटस्थ, कारण त्यांचे डोळे दोन्ही कॅमेऱ्यांत मिटलेलेच येतात.

पहिली चकमक मेगापिक्सेलवरून झाली. काकांचे १८, पुतणीचे २४. हा आकडा कानावर पडताच काकांनी, बँकेतून निवृत्त झालेला माणूस ओढतो तसा, कागद पुढे ओढला. जुन्या फोटोची रुंदी ५१८४ पिक्सेल, नव्याची ६०००. म्हणजे रुंदीतली वाढ सोळा टक्केसुद्धा नाही.

“आणि तो नफासुद्धा तू व्हॉट्सॲपवर टाकलास की मुद्दलासकट बुडतो,” काका म्हणाले.

यात काका बरोबर आहेत. भावकीच्या ग्रुपवर पोचेपर्यंत दोन्ही फोटो सारखेच आक्रसलेले असतात. सेन्सरही दोघांचा जवळपास एकाच मापाचा, साधारण २२ बाय १५ मिलिमीटर. चांगल्या उजेडात उभ्या केलेल्या, न हलणाऱ्या, सांगितल्यावर दात दाखवणाऱ्या माणसाचा फोटो दोन्हींतून काढून काकूंपुढे ठेवला, तेव्हा कुठला कुणाचा हे त्यांना सांगता आलं नाही. मग दोन्ही पक्षांनी स्वतःच ओळखायचं ठरवलं, आणि दोघांनाही कार्ड उघडून पाहावं लागलं.

फरक आहे तो कॅमेऱ्याच्या पोटात. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड तिरक्या बसवलेल्या आरशावर आपटून वर जातो, तिथे दोन-तीन वळणं घेतो आणि डोळ्याला पोचतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो, शटर उघडतं, सेन्सर आपलं काम उरकतो आणि आरसा पुन्हा जागेवर. गंमत अशी, की ज्या क्षणाचा फोटो निघाला तो क्षण फोटोग्राफरने पाहिलेलाच नसतो. तेवढ्यापुरता त्याच्यापुढे अंधार असतो. काकांनी आजवर नात्यातल्या झाडून सगळ्या लग्नांत फोटो काढले, पण अंतरपाट दूर होतानाचा नेमका क्षण त्यांना घरी येऊन संगणकावर पाहावा लागला. तरी त्यांचं बरं चाललं होतं म्हणायचं. आरसा आपला आपण चटकन खाली यायची सोय १९५४ च्या असाहीफ्लेक्सपासून रुळत गेली. त्याआधीच्या बहुतेक आरसेवाल्या कॅमेऱ्यांत फोटो काढला की पुढच्याची तयारी करेपर्यंत काळोखच असे.

मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सरला जे दिसतं ते व्ह्यूफाइंडरमधल्या चिमुकल्या पडद्यावर येतं. उजेड कमी पडतोय, चेहरा काळा येतोय, हे सगळं बटण दाबायच्या आधीच समोर. काका मात्र फोटो काढतात, कॅमेरा खाली घेतात, मागे बघतात, भुवया चढवतात, पुन्हा काढतात. “अशानेच माणूस शिकतो,” हा त्यांचा आवडता मुद्दा. तो ऐकून घ्यायला हरकत नाही, फक्त त्यांच्या डायलकडे पाहू नये. घेतल्यापासून तो हिरव्या ऑटोवर आहे.

उडणाऱ्या आरशाचा आवाज ही काकांची खरी इस्टेट. खटॅक! तो ऐकला की मांडवातल्या बायकांची रांग सैलावते, पुरुष पोट सोडतात आणि मुलं जेवायला पळतात. पुतणीने एका डोहाळजेवणात कॅमेरा सायलेंटवर टाकून हीच मंडळी उभी केली. मिनिट झालं, कुणी हलेना. एक मावशी दात तसेच ठेवून, ओठ न हलवता म्हणाल्या, “काढलास का गं?”

“मघाशीच. बारा काढले.”

“बारा? आणि आम्ही कशाला ताटकळलोय मग?”

कीर्तनात किंवा गाण्याच्या बैठकीत मात्र हीच शांतता सोन्याच्या मोलाची. काकांकडे एका मैफलीत विलंबित ख्यालाच्या ऐन समेवर एक खटॅक केल्याबद्दल पुढच्या तीन रांगांनी वळून पाहिलं होतं. पुतणीने तसल्याच मैफलीत शंभर फोटो काढले, कुणाला पत्ता नाही. पण घरी आल्यावर गायकाच्या शुभ्र झब्ब्यावर आडवे करडे पट्टे निघाले. सायलेंटवर शटर इलेक्ट्रॉनिक असतं, सेन्सर वरून खाली ओळी वाचत जातो, आणि सभागृहातले एलईडी दिवे तेवढ्यात कित्येकदा लुकलुकून घेतात. झब्बा इस्त्रीचा होता, पट्टे फुकट मिळाले. त्या दिवशी काकांनी स्वतः चहा केला.

फोकसच्या बाबतीत मात्र काकांना चहा करायची संधी मिळत नाही. १२००डीच्या मुख्य आरशाआड एक छोटा आरसा असतो. तो थोडा उजेड तळाशी बसवलेल्या फोकसच्या यंत्रणेकडे धाडतो. ती नऊ ठिकाणी माप घेते, त्यातलं मधलं एकच जास्त भरवशाचं. माप एकीकडे घ्यायचं आणि फोटो दुसरीकडे, त्यामुळे दोघांत केसाएवढा जरी फरक पडला तरी नवरीचे डोळे धूसर आणि कानातल्या कुड्या मात्र मोती न् मोती मोजून घ्याव्यात अशा येतात. हे दुरुस्त करण्याची सोय वरच्या किमतीच्या कॅमेऱ्यांत असे, १२००डीत नाही. आर५० मध्ये सेन्सरच फोकस पाहतो. त्यातला प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला असतो, दोन्ही भागांना दिसणारं चित्र जुळलं की फोकस जुळला. कॅननने हे तंत्र २०१३ मध्ये ७०डी या आरसेवाल्या कॅमेऱ्यातच आणलं होतं. पुढे त्यात माणसाचा, कुत्र्या-मांजराचा, पक्ष्याचा डोळा ओळखायची अक्कल भरली गेली.

याची परीक्षा भिगवणला झाली. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात आणि त्यांच्यामागे पुण्याहून कॅमेरे येतात. पहाटेची थंडी, होडीत दोन पक्ष समोरासमोर, होडीवाला दादा बांबूने होडी रेटतोय. काकांनी ५५-२५० लावली होती. पुतणीने नव्या जमान्याची ५५-२१०. इथे काकांचं पारडं जड. त्यांच्या चौकटीत पक्षी जवळजवळ पाचव्या हिश्श्याने मोठा दिसत होता आणि त्यांची लेन्स उजेडही जास्त घेत होती. रोहित चिखलात चोच घालून उभे होते तोवर काकांनी अप्रतिम फोटो घेतले, हे पुतणीनेही कबूल केलं.

मग थवा उठला. पंखांखालचा लाल-काळा रंग उघडला. काकांचा कॅमेरा सेकंदाला तीन फोटो काढतो. त्यांनी मधला ठिपका पक्ष्यावर धरायला घेतला, पक्षी ठिपक्यातून निसटला, आणि लेन्सने पलीकडच्या काठावरची बाभूळ पकडली. ती तिन्ही फोटोंत उत्तम आली आहे. पुतणीच्या पडद्यावर एक निळा चौकोन पक्ष्याच्या डोक्याला चिकटला आणि तिथून हलला नाही. सेकंदाला बारा या हिशेबाने कॅमेरा फुरफुरत राहिला. दादाने दोन्ही पडद्यांवर डोकावून पाहिलं आणि काकांना म्हणाला, “साहेब, झाड झ्याक आलंय.”

रात्री काकांनी पंधरा मिनिटांत आपले फोटो निवडून झोप काढली. पुतणी त्याच रोहिताच्या त्याच पंखाच्या साठ फोटोंपैकी कुठला ठेवावा, यावर दीड वाजेपर्यंत जागी होती.

बॅटरीचा विषय निघाला की काका खुर्चीत सावरून बसतात. कंपनीच्याच मोजणीप्रमाणे १२००डी एका चार्जवर सुमारे ५०० फोटो काढतो. आर५० व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावून वापरला तर साधारण निम्म्यावर दम टाकतो, कारण तो चिमुकला पडदा सतत वीज पितो. काकांच्या आरशातून पाहायला वीज लागतच नाही. कॅमेरा बंद असला तरी त्यातून दिसतं. भिगवणच्या परतीच्या वाटेवर काका पाऊण तास कॅमेरा डोळ्याला लावून पक्षी न्याहाळत होते; तो बंद आहे हे त्यांच्या लक्षात नव्हतं. पण तक्रार करण्याजोगं काहीच झालं नव्हतं, त्यामुळे त्यांनी ती केली नाही.

वजनाचं म्हणाल तर जुना ४८० ग्रॅम, नवा ३७५. किट लेन्समध्ये मात्र कंपनीने बारीक करता करता हात आखडता घेतलाय. जुनी १८-५५ रुंद टोकाला एफ ३.५ पर्यंत उघडते, नवी १८-४५ एफ ४.५ पर्यंतच. म्हणजे काकांच्या लेन्समधून दीडपटीहून जास्त उजेड आत येतो. नवा सेन्सर अंधारात सरस असल्यामुळे हिशेब बराचसा फिटतो, पण दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही.

खरा तह लेन्सवरूनच झाला. जुन्या माउंटमध्ये लेन्सची बैठक सेन्सरपासून ४४ मिलिमीटरवर असते, नव्यात २०. आरशाची जागा वाचली ना! त्यामुळे मध्ये २४ मिलिमीटरची कडी बसवली की काकांची प्रत्येक लेन्स पुतणीच्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकससकट चालते. उलट मात्र नाही. कडी लावून अंतर वाढवता येतं, कमी कसं करणार? तेव्हा देणं कायम काकांकडे आणि घेणं कायम पुतणीकडे, आणि यात काकांना नवीन काहीच वाटलं नाही.

काकांची ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स म्हणजे पुतणीला सापडलेलं घबाड. नव्या कॅमेऱ्यावर ती लावली की डोळ्यांवर अचूक फोकस आणि मागचा मांडव लोण्यासारखा विरघळलेला. पुतणी ती मागायला येते तेव्हा काका अटी घालतात. सायलेंट बंद ठेवायचा. पावसात काढायची नाही. आणि परत आणल्यावर काका मोबाइलचा टॉर्च लावून, एक डोळा मिटून, आत बुरशीचा धागा दिसतोय का ते काचेमागून काचेत पाहत जातात. पुण्याच्या श्रावणाला त्यांनी आजवर एक लेन्स बळी दिली आहे. मग सिलिका जेलच्या पुड्यांसोबत परत आलेली लेन्स हवाबंद डब्यात जाते.

तो डबा लाडवांचा आहे. दिवाळी तोंडावर आली की काकू स्वयंपाकघरातून विचारतात, “अहो, तुमचं ते काचसामान दुसरीकडे हलवता की लाडू कॅमेऱ्याच्या पिशवीत भरू?”