ओरखडे काढून मिळतील, घालूनही मिळतील

आमच्या स्टेशनचं नावच कोपर. सकाळच्या स्लो लोकलमध्ये चढलं की शेजाऱ्याचं कोपर आपल्या बरगडीत, आणि उतरेपर्यंत घड्याळाच्या काचेवर एक तरी नवी रेघ. (फास्ट गाडी इथे थांबत नाही, त्यामुळे ओरखडेसुद्धा सावकाश पडतात.) आम्हाला हे सगळं फुकट मिळतं. ग्रंज्या ते विकतो.

ग्रंज्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. झिजलेल्या, खरवडलेल्या, कळकट दिसणाऱ्या डिझाइनला ‘ग्रंज’ म्हणतात. हा शब्द तो उठता-बसता इतका वापरायचा की पोरांनी तो त्यालाच चिकटवून टाकला. वय सव्वीस-सत्तावीस. एका अर्ध्या गाळ्यात कॉम्प्युटर, स्कॅनर, प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स अशी सगळी कामं तो घेतो, पण जीव फक्त ओरखड्यांत. दिव्यापासून कल्याणपर्यंत कुठल्याही स्टेशनाबाहेर उतरा, असा एक ग्रंज्या सापडेलच.

त्याच्याबरोबर बाजारात जाणं हे शिक्षेचं काम आहे. खाडीकडून येणारा खारा वारा आमच्याकडचं लोखंड दोन पावसाळ्यांत खाऊन टाकतो. त्यामुळे ग्रंज्याला दर दहा पावलांवर एक सौंदर्यस्थळ लागतं. गंजलेलं शटर दिसलं की हा थांबलाच. “थांबा काका, काय पॅच आलाय!” असं म्हणत मोबाईल काढतो. एकदा तो कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडचे चारही बाजूंनी फोटो घेत होता. महापालिकेचा माणूस आलाय असं समजून शेडच्या मालकानं त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि “साहेब, कागद होतायत” असंही सांगितलं. ग्रंज्या चहा पिऊन, मागच्या पत्र्याचेही फोटो घेऊन आला.

सोसायटीनं जिना रंगवायला काढला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची एक भिंत तशीच ठेवा, असा अर्ज याने दिला होता. सेक्रेटरी म्हणाले, “अरे, ती गळती आहे.” तर हा म्हणतो, “काका, असं टेक्श्चर ऑनलाइन घ्यायचं तर डॉलर मोजावे लागतात.” त्या दिवसापासून सेक्रेटरी गळतीची तक्रार आली की हेच उत्तर देतात.

आता त्याची विद्या. फोटोशॉप 1990 साली आलं, त्यात लेयर आले ते 1994 साली, तिसऱ्या आवृत्तीत. ग्रंज्याच्या मते खरा इतिहास तिथून सुरू होतो. लेयर म्हणजे फोटोवर ठेवलेला पारदर्शक कागद समजा. पत्र्याचा फोटो घ्यायचा, त्यातला रंग उडवायचा, मग ‘लेव्हल्स’ ओढून काळं आणखी काळं, पांढरं आणखी पांढरं करायचं. तो लेयर मूळ फोटोवर ठेवून ‘स्क्रीन’ केलं की काळं सगळं गायब होतं आणि उरतात पांढऱ्या रेघा. ‘मल्टिप्लाय’ केलं तर उलट, पांढरं जातं आणि डाग उरतात. त्याच सॉफ्टवेअरमध्ये ‘डस्ट अँड स्क्रॅचेस’ नावाचं फिल्टर आहे, पण ते धूळ-ओरखडे घालत नाही, पुसतं. इथे नवशिका हमखास फसतो. ग्रंज्याही फसला होता, पण ते तो सांगत नाही.

पुसण्याचं कामही त्याच गाळ्यात चालतं. सकाळी कुणी आजोबा वडिलांचा बुरशी लागलेला फोटो आणतात, तेव्हा ग्रंज्या तासभर एकेक रेघ बुजवत बसतो. दुपारी कुणी जोडपं कालच्या प्री-वेडिंगचे चकचकीत फोटो आणतं, त्यांना ‘विंटेज’ हवं असतं. सकाळचे शंभर, दुपारचे पाचशे. आजोबांना हा हिशेब कळत नाही. मलाही कळलेला नाही.

त्याला वचकात ठेवणारा कोपरमध्ये एकच माणूस आहे. आयुष्यभर डोंबिवलीच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवलेले एक काका रोज पेपर वाचायला त्याच्या स्टुलावर बसतात. एकदा ग्रंज्यानं लग्नाच्या व्हिडिओला जुन्या सिनेमाचा इफेक्ट दिला आणि कौतुकानं दाखवला. काकांनी चष्मा वर केला.

“आडव्या रेघा कसल्या ह्या?”

“ओरखडे आहेत, काका.”

“फिल्म वरून खाली पळते रे. कचरा गेटमध्ये अडकला की रेघ उभीच पडणार. आडवी पडायला काय मांजर सोडली होती प्रोजेक्टरमध्ये?”

मग काका ‘राजा हरिश्चंद्र’वर गेले. 1913 चा तो सिनेमा आज तुकड्यांतच उरलाय, जुन्या रिळांसाठी पुण्यात 1964 पासून फिल्म संग्रहालय आहे, तिथली माणसं रेघ न् रेघ जपून साफ करतात, आणि हा इथे नवरीच्या हळदीवर रेघा मारतो! ग्रंज्यानं निमूटपणे सगळ्या रेघा नव्वद अंशांनी फिरवल्या. एवढा आज्ञाधारक मी त्याला आईसमोरही पाहिलेला नाही.

या माणसाचा स्वतःचा मोबाईल मात्र बघा. वर काच, मागे कव्हर, कव्हरवर पुन्हा प्लॅस्टिक. मी एकदा तो किल्ल्यांच्या शेजारी ठेवला तर त्यानं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

गेल्या वर्षी एका भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्याच्याकडे आला. ‘एकदम पिक्चरसारखा’ हवा होता. ग्रंज्यानं रात्रभर जागून भाऊंच्या मागे खरवडलेला धातू उभा केला, धातूचा लेयर झाकणाऱ्या मास्कवर काळा ब्रश फिरवून भाऊंचा चेहरा तेवढा वाचवला. फ्लेक्स स्टेशनाजवळ लागला आणि तासाभरात भाऊंचा कार्यकर्ता गाळ्यावर हजर. “छापताना घासलाय. पैसे कापणार.” ग्रंज्यानं त्याला ग्रंज समजावलं. कार्यकर्ता म्हणाला, “ते ठीक आहे, पण विरोधक म्हणतायत की आम्हाला नवा बॅनर परवडला नाही.”

त्याच संध्याकाळी ग्रंज्याची आई भाजी घेऊन येताना फ्लेक्ससमोर थबकली. मी मागेच होतो. तिची नजर भाऊंवर नव्हती, त्यांच्या डाव्या कानामागे होती. तिथे गोल गोल रेघांमध्ये एक चंद्रकोरीसारखा पोचा होता.

“हे माझं दुधाचं पातेलं,” ती म्हणाली.

घरी पोचेपर्यंत ती काही बोलली नाही. दारातच पिशवी ठेवून तिनं लेकाला हाक मारली.

“सगळ्या कोपरला पातेलं दाखवायचं होतं, तर आधी सांगायचं तरी! नीट घासून दिलं असतं.”

आणि तिनं तारेची घासणी घेऊन मोरीत बसकण मारली. पातेलं उपडं घालून ती जीव खाऊन घासत होती, गोल, उलटं गोल, मग काठाला आडवं. ग्रंज्या दाराशी उभा राहून मोबाईल सरसावत हळूच म्हणाला, “आई, जरा उजेडाकडे धर ना.”