वांग्याला शिक्षा, पुडीला जामीन

शाळेला सुट्टी लागली की घरोघरी कोणाचं तरी तोंड येतं आणि कोणाच्या तरी अंगावर पित्त उठतं. लगेच चौकशी समिती बसते. अध्यक्ष आजी, सदस्य आई, आणि फोनवरून तज्ज्ञ सल्लागार म्हणून आत्या. आरोपी आधीच ठरलेले असतात: आंबा, वांगं, अंडं. यातलं कोणीच त्या दिवशी घरात नसेल, तर 'उष्णता'. चिरंजीवांच्या बोटांना अजून 'टँगी टोमॅटो' चिप्सचा शेंदूर लागलेला असतो, पण त्या पुडीला साक्षीदार म्हणूनसुद्धा कोणी बोलावत नाही.

वांग्याचं चुकलं एवढंच, की त्याच्या जाहिरातीत कोणी नट नाचत नाही.

आता जरा पुडीची पाठ वाचा. भिंग लागेल. तिथे ३३० नावाचे एक गृहस्थ भेटतात, म्हणजे सायट्रिक आम्ल. कडक चिप्सच्या कडांनी टाळू आधीच खरवडलेली, त्यावर हे आम्ल, मीठ आणि तिखट. झोंबायला ॲलर्जी असावीच लागते असं नाही. ६२७ आणि ६३१ हे चव वाढवणारे, 'अजून एक' म्हणायला लावणारे. काही पुड्यांत १०२ आणि ११० हे पिवळे-केशरी रंगही. यातल्या १०२ने, म्हणजे टार्ट्राझिनने, काही थोड्या लोकांच्या अंगावर गांधी उठतात. हे दोन रंग असलेल्या खाऊवर युरोपात जुलै २०१०पासून इशारा छापावा लागतो, की मुलांच्या चंचलतेवर आणि एकाग्रतेवर वाईट परिणाम होऊ शकतो. आपल्याकडे छापतात 'परवानगी असलेला कृत्रिम रंग'. वाचून वाटतं, रंगाला कुठलं तरी मानपत्रच मिळालंय!

पण सगळ्यांत सोवळं प्रकरण म्हणजे 'नैसर्गिक आणि निसर्गसदृश स्वाद'. या पडद्याआड नेमकं कोण बसलंय ते सांगायची सक्ती नाही. गटाचं नाव लिहिलं की काम झालं. उपयोगाची ओळ त्याच्या आसपास असते: दूध, गहू, सोया असल्याची ॲलर्जीची सूचना. २०२०च्या लेबल-नियमांनुसार ती द्यावीच लागते. देतातही, बहुधा इंग्रजीत, मुंगीलाही वाकून वाचावी लागेल अशा टायपात. ज्या पोराला दुधाचं वावडं म्हणून आजी चहासुद्धा कोरा देते, ते पोर 'चीज' मसाला बोटं चाटून संपवतं आणि समिती म्हणते, "काल भरीत खाल्लं होतंस ना?"

तिखटाचंही तसंच. डेन्मार्कने जून २०२४मध्ये दक्षिण कोरियाच्या तीन झणझणीत नूडल्स बाजारातून परत बोलावल्या. कारण, त्यातल्या कॅप्सायसिनने, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याने, विषबाधा होण्याची भीती. आपल्या कॉलेजच्या कट्ट्यावर एवढ्या बातमीवर त्या नूडल्स संपवायची पैज लागते. हरणारा घटाघटा पाणी पितो, पण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, आग नुसती तोंडभर फिरते. दुधातलं केसीन त्याला धरून ठेवतं. म्हणजे आजीने पुढे केलेली दह्याची वाटी बरोबरच असते, 'उष्णते'चं तिचं निदान तेवढं जाऊ द्या. अर्थात ज्याला दुधाचंच वावडं, त्याच्यापुढे ती वाटी ठेवू नये.

इकडे निकाल लागलेला असतो. अंगाला आमसुलाचं पाणी, तोंडात चघळायला जाईचा पाला, महिनाभर वांगं बंद. आणि पोर रडू नये म्हणून त्याच्या हातात दुसरी पुडी.

मंडळी, ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर समिती बरखास्त करा आणि थेट रुग्णालय गाठा. एरवीही तीच पुडी खाल्ली की तोंड येत असेल किंवा पित्त उठत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना 'बाहेरचं काहीतरी खाल्लं' एवढंच सांगू नका. रिकामी पुडी सोबत न्या.