अंडं महाग, कारणं स्वस्त

अंड्याचा भाव चढला की भिलाईत अर्थतज्ज्ञांचं पेव फुटतं. एरवी ही मंडळी सेक्टरच्या बागेत फेऱ्या मारतात, ठेवींच्या व्याजाचे हिशेब करतात आणि स्टील प्लांटमध्ये आपल्या वेळी शिस्त कशी होती ते सांगतात. पण २०२५च्या नोव्हेंबरात तमिळनाडूतल्या नामक्कलमध्ये अंड्यानं सहा रुपयांची वेस ओलांडली, आमच्या सुपेल्याचा दुकानदार आठ सांगू लागला, आणि बागेतल्या प्रत्येक बाकावर एकेक सिद्धांत उबायला बसला.

पहिला अमेरिकेचा. रेल मिलमधून निवृत्त झालेले शेजारचे काका म्हणाले, "अहो, सगळी अंडी ट्रंपनं नेली!" अगदीच हवेतलं नव्हतं. तिकडे बर्ड फ्लूनं कोंबड्या गेल्या, मार्चमध्ये डझनाचा भाव सहा डॉलरच्या वर गेला आणि जूनमध्ये नामक्कलहून एक कोटी अंडी बोटीत चढली. कोटी म्हटलं की छाती दडपते. पण २०२३-२४मध्ये भारतातल्या कोंबड्यांनी १४,२७७ कोटी अंडी घातली. दिवसाला ३९ कोटी! म्हणजे अमेरिकेला गेली ती जेमतेम चाळीस मिनिटांची कमाई. काकांचा सकाळचा फेरफटकाही याहून लांबतो.

दुसरा सिद्धांत पेट्रोल पंपावर जन्मला, आणि त्यात दम आहे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११०-१२० ग्रॅम खाद्य खाते, त्यात निम्म्याच्या आसपास मका. एक लीटर इथेनॉल काढायला अडीच किलोहून थोडा जास्त मका लागतो. तेव्हा ई-२० पेट्रोल पाच लीटर भरलंत आणि त्यातलं लीटरभर इथेनॉल मक्याचं निघालं, तर तुमची स्कूटर चाळीसेक अंड्यांचा खुराक पिऊन घरी येते. अंडं मात्र एकही देत नाही. मका बाहेर विकणारा आपला देश २०२४मध्ये म्यानमार आणि युक्रेनचा मका विकत घेऊ लागला, तो याच पायी.

सिद्धांत चोख होता, फक्त मक्यानं साथ सोडली. नोव्हेंबर उजाडला तेव्हा मका क्विंटलला २,४०० रुपयांच्या हमीभावाच्या कितीतरी खाली पडला होता आणि कर्नाटकातले शेतकरी त्यासाठी रस्त्यावर बसले होते. अंडं तरी चढतच होतं. मग मक्याची फाईल बंद करून थंडीची उघडण्यात आली. थंडीत अंड्याला उठाव असतो, हे खरंच आहे. आमच्याकडे तर वर्षाचं अंडंही पंचांग बघून खपतं. श्रावणात ठेले ओस पडतात, नवरात्रात हायवेनं डोंगरगडला बमलेश्वरीच्या पायी यात्रेकरूंची रांग लागते तेव्हा उकडलेल्या अंड्याकडे कुणी बघत नाही, आणि कार्तिक संपला की साऱ्या गावाला एकदम प्रोटीनची आठवण होते. पण थंडी काय, दरवर्षी येते. दरवर्षी विक्रम होत नाही.

खरं कारण समजायला ज्यांनी उमेदीची वर्षं धगीसमोर काढली त्या भिलाईकरांना तरी अडचण पडू नये. कोंबडी ही ब्लास्ट फर्नेससारखी असते. एकदा पेटवली की थांबवता येत नाही. भाव नाही म्हणून आठवडाभर अंडी देऊ नकोस, असं तिला सांगता येत नाही, खाद्य तर रोज घालावंच लागतं, आणि माल आठ-पंधरा दिवसांत विकला नाही तर नासतो. त्याच मार्च २०२५मध्ये, अमेरिकेत अंड्यांसाठी हाणामारी चालू असताना, नामक्कलचा भाव चार रुपयांच्याही खाली गेला होता. अशा वेळी शेतकरी एकच गोष्ट करू शकतो: कोंबड्या मुदतीआधी खाटकाकडे पाठवतो आणि नवी पिल्लं घेत नाही. पिल्लू अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने लागतात. मार्चमध्ये जे पिल्लू आणलंच नाही, त्याचं अंडं पुढच्या हंगामात कुठून येणार? त्या मार्चमध्ये बागेत एकही सिद्धांत उबला नाही. अंडं स्वस्त होतं ना, मग कशाला कोण विचार करतो!

भाव ठरवतं कोण, यावर मात्र सगळ्यांचं एकमत: "नेकवाले." रविवार-सोमवार न बघता रोज अंडी खा म्हणणारी ती दूरदर्शनवरची जाहिरात यांचीच. दलालांच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवायला डॉ. बी. व्ही. राव यांनी १९८२मध्ये ही एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, उभी केली. माझं अंडं, माझा भाव, माझं जगणं, अशी तिची घोषणा. ती रोज शेकड्याचा भाव सुचवते, त्यात रायपूरचाही असतो. शेतकऱ्याला बरेचदा तेवढाही मिळत नाही, व्यापारी काही पैसे कापूनच माल उचलतात. गिऱ्हाइकाला मात्र तोच भाव वरच्या रुपयात गोल होऊन भेटतो. वीस पैशांनी चढला की रुपया वाढतो, वीस पैशांनी उतरला की चिल्लर नसते. फोनवर टिचकी मारून पैसे देतो आपण, तरी चिल्लर नसते!

अंड्याच्या या गोंधळाला सरकारांनीही हातभार लावलाच. छत्तीसगडमध्ये २०१९ साली शाळेच्या जेवणात अंडं आलं, तेव्हा इतका गदारोळ झाला की जिथे पालकांचं एकमत नाही तिथे अंडं घरपोच द्यायचं ठरलं. दहा मिनिटांत घरपोच किराण्याची ॲपं पुढे आली, आमचं सरकार त्यांच्या आधीच पोचलं होतं. महाराष्ट्राचा मार्ग अधिक सोपा. २०२५च्या जानेवारीत शासनानं शालेय अंड्याचा निधीच काढून घेतला आणि हौस असेल तर लोकवर्गणी करा म्हणून सांगितलं. माणशी वर्षाला १८० अंडी खावीत, अशी आहारतज्ज्ञांची शिफारस आहे. २०२३-२४मध्ये वाट्याला आली १०३. उरलेल्या ७७ अंड्यांसाठी गणपतीच्या पावतीपुस्तकात एक रकाना वाढवावा लागणार.

आता पॉवर हाऊसजवळच्या ठेल्याचं सांगतो. गेल्या उन्हाळ्यात घाऊक भाव चांगलाच उतरला होता, पण ऑमलेटचा भाव जागचा हलेना. मी विचारलं. तो म्हणाला, "अंडा त सस्ता होगे भैया, फेर गोंदली?" म्हटलं, बाबा रे, लासलगावात कांद्याला कुणी विचारत नाहीये, शेतकरी डोक्याला हात लावून बसलेत. त्यानं ऑमलेट उलटलं, कडा दाबल्या, जरा विचार केला.

"त सिलिंडर?"