खुडूक कोंबडीची बाजू

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे सरकला की ‘गच्चीवर अंडं ठेवा, पिल्लू निघेल’ असं लोक गमतीनं म्हणतात. टर्कीच्या अंड्याला ही गंमत मानवत नाही. ठिपकेवालं, कोंबडीच्या अंड्याच्या साधारण दीडपट वजनाचं हे अंडं २८ दिवस मागतं, आणि तेही साडेसदतीस अंशांच्या आसपासच. घरगुती उबवणी यंत्राला तापवता येतं, गार करता येत नाही. बाहेर ४२ झाले की बल्ब विझतो, थर्मोस्टॅट ड्युटी संपल्यासारखा स्वस्थ बसतो आणि अंडी उबायच्याऐवजी उकडायला लागतात. त्यात हवा कोरडी. कवचाच्या छिद्रांतून पाणी प्रमाणाबाहेर उडालं की आतला पापुद्रा पिल्लाला आवळून बसतो. मग यंत्राला कूलर, कूलरला पाणी आणि दोघांना इन्व्हर्टर. वीज गेली की अंड्यांना पंखा, घरच्यांना सोलापुरी टॉवेलचा वारा. म्हणून माझं मत असं, की घरापुरत्या आठ-नऊ अंड्यांना खुडूक गावरान कोंबडीच बरी.

‘कोंबडी जाड भिंतीच्या गार खोलीतच बसवणार ना? मग यंत्रही तिथंच ठेवा,’ असं कुणी म्हणेल. जरूर ठेवावं. पण खुडूक कोंबडीच्या पोटाखालची पिसं झडून उघडी, ऊन कातडी थेट अंड्याला टेकते. चोचीनं ती अंडी फिरवते, दिवसातून एकदा उठून दाणापाणी करते आणि परत बसते. यंत्रात शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात, ओलावा वाढवायचा असतो आणि झाकण उघडायचं नसतं. नेमकं तेव्हाच घरातल्या प्रत्येकाला ‘जरा बघू’ होतं, आणि झाकणाबरोबर ओलावाही उडतो. कोंबडीपुढे ‘जरा बघू’ म्हणणाऱ्याला चोचीचा प्रसाद मिळतो.

दुसरा आक्षेप पंचांगाचा : कोंबडीचे दिवस २१, ती आठवडाभर ओव्हरटाइम का करेल? कारण ती दिवस मोजत नाही; पोटाखाली चिवचिव होईपर्यंत बहुधा बसूनच राहते. तिसरा आक्षेप, पक्षी परदेशी. १६१२ साली मुकर्रबखान या सरदारानं गोव्याहून आणलेला टर्की पाहून जहांगीर बादशहा थक्क झाला. पक्ष्याच्या डोक्याचे बदलते रंग त्यानं लिहून ठेवले, दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरनं चित्र काढलं. कोंबडी एवढी चौकशी करत नाही. पोटाखालचं अंडं ते आपलं, एवढंच तिचं धोरण.

खरा बिनतोड आक्षेप रोगाचा आहे. कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांबरोबर ‘ब्लॅकहेड’ रोगाचे जंतू येतात. तिचं फारसं बिघडत नाही, टर्की मात्र दगावतात. तेव्हा बसवण्याआधी तिला जंतांचं औषध द्यावं आणि इतर कोंबड्यांनी उकरलेल्या जमिनीवर पिल्लं सोडू नयेत. एवढी कटकट करून कोंबडीच का? कारण टर्कीची पिल्लं समोर दाणा असूनही उपाशी मरू शकतात. यंत्रवाले त्यांचं लक्ष वेधायला दाण्यात रंगीत गोट्या ठेवतात, पाला चिरून घालतात, चोच धरून भरवतातही. कोंबडी दोनदा कुक्कुक् करते आणि दाणा टिपून दाखवते. जानेवारीत, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या थंडीत यंत्र लावणाऱ्यांशी माझं भांडण नाही. मात्र दाणा टिपायला शिकवणारं यंत्र मिळेपर्यंत माझं मत फिरणार नाही.