समुद्र सोडून सर्व सोयी

थंडीभर गोव्यात पाठ भाजून घेणारे रशियन आणि इंग्रज पाहुणे मार्च सरता सरता गाशा गुंडाळतात. मे उजाडला की शॅकवाले बांबू कधी सोडवायचे याचा हिशेब करू लागतात. हवा अशी, की अंग पुसून झालं तरी ते पुसलंय हे अंगाला पटत नाही. नेमका हा मुहूर्त साधून महाराष्ट्रातला सुखवस्तू माणूस सहकुटुंब समुद्रावर दाखल होतो. शाळांना सुट्टी असते, आणि शाळेच्या सुट्टीपुढे हवामान खात्याचं काही चालत नाही.

राहायला मात्र आता साधंसुधं चालत नाही. पूर्वी चालायचं. गुहागरला, मुरुडला कुणाकडे तरी घरगुती खोली मिळायची. अंगणात झोपाळा, जेवायला सोलकढी, आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदक. ही सोय अजूनही आहे आणि उत्तम आहे. तिच्यात एकच खोट आहे. परत आल्यावर कुणी विचारलं, "कुठे उतरला होतात?" तर "तिथल्या एका काकूंकडे" असं सांगावं लागतं. सोसायटीची लिफ्ट पाचव्या मजल्यावरून खाली येईतो दोन कुटुंबांची पत ठरलेली असते. तिथे काकूंचं नाव घेऊन भागत नाही. तेव्हा रिसॉर्ट राहण्यासाठी निवडायचं नसतं, या प्रश्नाला उत्तर देता यावं म्हणून निवडायचं असतं. एवढं ध्यानात आलं की पुढच्या गोष्टींचा फारसा त्रास होत नाही.

आमच्याकडे या कामासाठी आधी 'गोवा मे' नावाचा ग्रुप निघाला. मग काही मंडळींना वगळून 'गोवा मे फायनल' निघाला. सासूबाई दोन्हीकडे राहिल्या, त्यामुळे वगळलेल्यांना आपण वगळलो गेल्याचं तासाभरात कळलं. मेहुणा ठाण्याला असतो, आयटीत आहे. त्याने एक्सेलचा तक्ता केला. त्यात रिसॉर्टची नावं उभी आणि सुखसोयी आडव्या. ब्रेकफास्टला लाइव्ह काउंटर, मुलांसाठी किड्स क्लब, गाडी लावायला सावली, वायफायचा वेग, जिम. (जिमला आमच्यापैकी कुणी जाणार नव्हतं, पण नसेल तर का नाही, हा मुद्दा निघालाच.) समुद्रापासूनचं अंतर हा रकाना तक्त्यात अगदी शेवटी होता. छपाईत तो पानाबाहेर गेला.

अंतराचं राहू द्या, पण दर्शन हा गंभीर विषय आहे. हॉटेलवाल्यांच्या भाषेत समुद्राच्या दर्शनाच्या पायऱ्या असतात. सगळ्यात वर सी व्ह्यू. त्याखाली पार्शल सी व्ह्यू, म्हणजे बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात उभं राहून, एका हाताने कठडा धरून, मान बाहेर काढली तर दोन माडांच्या मधून दिसेल तेवढा. आणि मग सी फेसिंग. यात खोलीचं तोंड समुद्राकडे आहे एवढीच हमी. मध्ये काय आहे याची जबाबदारी हॉटेलवर नाही. या हिशेबाने आमची कोथरूडची बाल्कनीही सी फेसिंगच आहे. मध्ये सह्याद्री येतो, एवढंच. मेहुण्याच्या बायकोने एका ठिकाणी फोन लावून रोखठोक विचारलं, "पलंगावर पडल्या पडल्या समुद्र दिसतो का?" पलीकडचा मुलगा तयारीचा होता. म्हणाला, "मॅम, यू कॅन फील द सी." तिने ते 'दिसतो' या रकान्यात लिहिलं.

यात हॉटेलांना दोष देणं बरं नव्हे, कारण लांब राहायला त्यांना कायद्यानेच सांगितलेलं आहे. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारे मोकळे ठेवा, असं पत्र इंदिरा गांधींनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना धाडलं होतं. त्यातून पुढे १९९१ मध्ये सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, अधिसूचना आली, आणि गावाकडच्या मोकळ्या किनाऱ्यांवर पहिल्या २०० मीटरांत नवं बांधकाम नाही असं ठरलं. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांपुरते हे २०० मीटर ५० वर आले. कायदे करणाऱ्यांच्या मनात वाळू, कासवं आणि कोळ्यांच्या होड्या होत्या. त्यातून बग्गीचा जन्म होईल हे त्यांना कुठून ठाऊक असणार? २०० मीटर म्हणजे आपल्या घरापासून दूध आणायला जातो तेवढं अंतर. पण रात्रीला अठरा हजार मोजलेला माणूस २०० मीटर चालत नाही. तो लॉबीत उभा राहून बग्गीची वाट बघतो. बग्गी येईपर्यंत सूर्य मावळतो, आणि मग सूर्यास्ताचा फोटो लॉबीत लावलेल्या चित्राचा काढावा लागतो.

'प्रायव्हेट बीच' नावाची आणखी एक चीज माहितीपत्रकात असते. आपल्याकडे किनारा कुणाच्या मालकीचा नसतो. भरतीच्या रेषेखालची वाळू सरकारची, म्हणजे तुमची-आमची. दोनापावलाजवळ वायंगिणीच्या किनाऱ्यावर जाणारी वाट एका बड्या हॉटेलच्या विस्तारात अडली, तेव्हा गावातली माणसं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाट लोकांची आहे असं ठणकावून सांगितलं. तेव्हा खासगी किनारा याचा व्यवहारातला अर्थ असा, की किनारा सगळ्यांचा, पण तिथे पोहोचायची सोपी वाट हॉटेलच्या फाटकातून. मी हे सगळं ग्रुपवर सविस्तर लिहिलं. त्यावर मेहुण्याने अंगठा दाखवला आणि विचारलं, "मग प्रायव्हेट बीचसमोर 'यस' लिहू की 'नो'?"

पैशाची बाजू सासऱ्यांकडे होती. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना आकडे दिले की घरात शांतता राहते. त्यांनी शोधून काढलेली गोष्ट अशी. सप्टेंबर २०२५ पासून खोलीचं भाडं रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की थेट १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,५०१ ची खोली ८,८५१ ला. भाडं एका रुपयाने वाढलं की बिल ९७६ रुपयांनी वाढतं. सासऱ्यांचं म्हणणं, तो एक रुपया जगातला सगळ्यात महाग रुपया आहे, आणि मोजणाऱ्याला त्यात दिसतं काय, तर तोच पलंग, तीच उशी. गोष्ट इथे थांबत नाही. मागच्या आर्थिक वर्षात त्या हॉटेलातल्या एका जरी खोलीचं भाडं ७,५०० च्या वर गेलं असेल, तर तिथल्या रेस्टॉरंटमधल्या इडलीवरही १८ टक्के. तीच इडली रस्त्यापलीकडच्या उडप्याकडे खाल्ली तर ५. "म्हणजे वरच्या मजल्यावर कोण महागात झोपलं यावर खाली इडलीचा कर ठरतो?" सासऱ्यांनी विचारलं. हो, तसंच आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ब्रेकफास्ट इन्क्लुडेड असेल तेच बघा."

एका रात्रीचं भाडं म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी दोनला खोली मिळणार, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सोडायची. सासऱ्यांनी त्याचे २१ तास काढले आणि उरलेले तीन तास कोण राहतं ते विचारायला सांगितलं. ते कुणी विचारलेलं नाही.

सौ.चा तक्ता वेगळा होता. तिला स्पा हवा होता. एका ठिकाणच्या यादीत 'कोस्टल सॉल्ट रिच्युअल' सापडलं. स्थानिक समुद्राचं मीठ नारळाच्या तेलात कालवून पाऊण तास पाठीला चोळतात. रिसॉर्ट तळकोकणातलं. मी उगीच म्हणालो, की याच पट्ट्यात, शिरोड्याला, १९३० च्या मे महिन्यात लोक समुद्राचं मीठ स्वतःच्या हाताने उचलता यावं म्हणून लाठ्या खात होते. "मग आता चोळूनच देताहेत," सौ. म्हणाली. तिचंही बरोबर होतं. एवढंच, की हेच मीठ आमटीत घातलं तर त्यावर जीएसटी शून्य आहे. पाठीवर चढलं की 'टॅक्सेस एक्स्ट्रा'.

त्यावरून तळकोकणच का नको, अशीही एक सूचना आली. सिंधुदुर्ग हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे, किनारा गोव्याइतकाच लांबरुंद आणि बराच स्वच्छ. सूचना पडली. कारण तिथून फोटो टाकला तर लोक विचारतात, "गावी गेला होतात का?" सासऱ्यांचं मूळ गाव वेंगुर्ल्याजवळच आहे. घर बंद असतं. चिऱ्याच्या भिंती, मागे विहीर, उघड्यावरची न्हाणी, माजघरात भर दुपारी गारवा. मुलांनी एकदा तिथे राहून जाहीर केलं, की बाथरूम घराबाहेर असेल तर आम्ही येणार नाही. शेवटी तक्त्यात पहिला नंबर आलेल्या रिसॉर्टचं वैशिष्ट्य काय निघालं? लॅटराइटचं बांधकाम आणि खोलीमागे 'ओपन टू स्काय' बाथरूम. मुलं खूश आहेत.

खाण्याबद्दल मी एक प्रश्न विचारून ठेवला होता: मासे कोणते? उत्तर आलं, "सर, फिश ऑफ द डे." रोज बासा असेल तर त्याला असंच म्हणावं लागत असणार. मेकाँग नदीतला हा गोड्या पाण्यातला मासा, काटा नाही, वास नाही, चव कुणी सांगितल्याचं माझ्या कानावर नाही. बुफेत पांढऱ्या सॉसखाली तो पडलेला असतो आणि लोक म्हणतात, "इथे बरं, फ्रेश मिळतं." तिकडे मच्छीमार जेटीवर सकाळी बांगडा-सुरमई उतरत असते. १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून शेवटच्या फेऱ्यांची घाई असते. पण बाजारात जायचं तर मासळीचा वास येतो.

राहता राहिला प्रत्यक्ष समुद्र. त्याच्यासाठी वेळापत्रकात सकाळी साडेसहा ते सात हा वेळ ठेवला आहे, म्हणजे कुणी उठलं तर. दुपारी ऊन, संध्याकाळी गर्दी. एरवी मंडळी तरणतलावात. इन्फिनिटी पूल आहे, त्याच्या काठाला हनुवटी टेकवली की समुद्र दिसतो. समुद्राकडे पाठ करून सेल्फी घेतला की तो फोटोतही येतो. तलावात नायलॉनचे कपडे सक्तीचे, हे वाचून सासूबाईंनी आपण काठावर बसणार असं आधीच जाहीर केलं. धाकट्या मुलीला समुद्राचं मीठ डोळ्यांत जातं. थोरल्याला पायाला वाळू लागलेली आवडत नाही. एका रिव्ह्यूत कुणीतरी समुद्राचा आवाज रात्रभर येतो म्हणून रिसॉर्टचे दोन तारे कापले होते. मेहुण्याने त्या रिव्ह्यूला 'हेल्पफुल' दिलं.

आणि पूर्ण हाताशी असलेल्या दोन दिवसांतला एक तर फोंड्याजवळच्या मंगेशी आणि शांतादुर्गेला जाणारच होता. सासूबाईंनी रिसॉर्ट निवडताना एकच चौकशी केली होती, "तिथून फोंडा किती लांब?" पोर्तुगीजांच्या धाकाने मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला गेली, ती सोळाव्या शतकात. तेव्हापासून मराठी माणसाला गोव्यात समुद्र सोडून आत जायला एक सबळ कारण आहे.

शेवटी रिसॉर्ट ठरलं. मेच्या अखेरचा आठवडा, कारण त्या आधी मेहुण्याला रजा नाही. 'नॉन-रिफंडेबल' घेतलं तर बाराशे रुपये वाचत होते, ते वाचवले. २०२५ साली पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत येऊन थडकला होता, ही आठवण मी करून दिली. सासरे म्हणाले, "सारखं सारखं तसं होत नाही." मेच्या शेवटच्या आठवड्यात वॉटर स्पोर्ट्स बंद होऊ लागतात, हेही सांगितलं. त्यावर सर्वांनाच बरं वाटलं; आता मुलांना नाही म्हणायला नको.

बुकिंगच्या अर्जात खाली 'विशेष विनंती' म्हणून चौकोन होता. तिथे सगळ्यांनी आपापली भर घातली: सकाळी सहाला चहा, आलं घालून. पातळ उशी. लिफ्टजवळची खोली. किटली, मॅगी करण्यापुरती मोठी. सी व्ह्यूसाठी आम्ही रात्रीला साडेतीन हजार जास्त भरले आहेत. त्या खोलीसाठी सौ.ने शेवटची ओळ लिहिली: बाल्कनीचा दरवाजा घट्ट बसणारा असावा आणि पडदे जाड असावेत, वारा आणि उजेड फार येतो असं वाचलं आहे.