मिटलेल्या डोळ्यांचा अल्बम

लग्नाचा व्हिडिओ तीन तासांचा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर २,७०,००० चित्रं. त्यातून नवरीचा एक बरा फोटो हवा, एवढंच घरच्यांचं मागणं.

फोटोशॉपमध्ये हवा तेवढा तुकडा ‘व्हिडिओ फ्रेम्स टू लेयर्स’मधून उघडला की एकेक फ्रेम वेगळा थर होऊन बसते. मग कळतं, अंतरपाट दूर झाला नेमका तेव्हाच नवरीचे डोळे मिटलेले, पुढच्या फ्रेममध्ये मामांचा हात! अक्षतांच्या तर नुसत्या रेघा. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकं उघडं; तेवढ्यात तांदूळ कशाला थांबतील?

काकांना हीच फ्रेम दिवाणखान्यात चार फूट रुंद हवी आहे. फुल एचडीची रुंदी १९२० पिक्सेल, म्हणजे इंचाला ४०.

भटजी मात्र सगळीकडे सुस्पष्ट. ते मोबाइलवर पुढच्या लग्नाची वेळ बघत स्थिर उभे होते.