एसएसडीकाका

एसएसडीकाका हा प्रकार जिथे उन्हाळा कडक आणि पेन्शन वेळेवर असते अशा रेल्वे वस्त्यांत हमखास आढळतो. छत्तीसगढमधल्या चरोद्यात तो चांगला पोसतो. भिलाईचे मार्शलिंग यार्ड, रेल्वेवाल्यांच्या तोंडी बीएमवाय, इथलेच. इलेक्ट्रिक लोको शेडही इथलीच. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूची मराठी कुटुंबे नोकरीच्या मागे इकडे आली आणि घर बांधून राहिली. या घरांत चुलीपाशी मराठी, फाटकापाशी हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी चालते. निवृत्त झाल्यावर काका चौथी भाषा बोलू लागतात. तिच्यात क्रियापदे तेवढी मराठी असतात, बाकी सगळे जेन-फोर, हीटसिंक आणि थ्रॉटलिंग.

मूळचा हा माणूस बहुधा टीएक्सआर, म्हणजे गाडी यार्डातून सुटण्याआधी डबे तपासणारा. सगळी नोकरी अ‍ॅक्सल बॉक्स तापला की नाही हे पाहण्यात गेलेली. तापलेला सापडला की डबा ‘सिक’ करायचा आणि गाडीतून तोडून सिक लाइनला लावायचा. साठाव्या वर्षी यार्ड सुटते, तापलेल्या वस्तू हुडकण्याची खोड सुटत नाही. फ्रिजची मागची बाजू, इन्व्हर्टर, मोबाइलचा चार्जर असे करत काकांचा हात एक दिवस संगणकाच्या डब्यावर येतो. त्याच सुमारास पुण्याहून पुतण्या फोनवर म्हणतो, “काका, ती हार्ड डिस्क काढा न, एसएसडी टाका.” एवढे निमित्त पुरते.

खरेदीआधीचा अभ्यास स्पर्धा परीक्षेच्या थाटात होतो. एम-टू जातीची एसएसडी बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते, म्हणून तिला २२८० म्हणतात. जुन्या पुठ्ठ्याच्या रेल्वे तिकिटापेक्षा ती बरीच लांब आणि थोडी अरुंद. दिसायला सारख्या असल्या तरी तिच्यात दोन घराणी आहेत. साटा घराण्याची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते. एनव्हीएमई घराण्याची पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीत साडेतीन हजारांच्या आणि चौथ्या पिढीत सात हजारांच्या आसपास जाते. टोकाशी दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. मदरबोर्डवरचा स्लॉट दोन्ही घराण्यांना घरात घेतोच असे नाही, हे बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. काकांनी ती पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचलेली असते. फक्त स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे हे पान सुटते. त्यामुळे भिलाईच्या सिव्हिक सेंटरहून आणलेली सात हजारांची एसएसडी घरी येऊन साडेतीन हजारांनी चालते. संगणकावर होणारे काम म्हणजे नातवाचे फोटो, पेन्शनर संघटनेची पत्रे आणि जुनी नाट्यगीते. यांना साटाचा वेगही उरून पुरला असता. पण हे काकांना सांगायचे कोणी? काकू सांगत नाहीत, त्यांना सोन्याच्या दुकानात असेच प्रश्न नको असतात.

दुकानात काका दोन मुद्द्यांवर अडतात. पहिला मुद्दा टिकाऊपणाचा. चांगल्या टीएलसी जातीच्या १ टीबी एसएसडीवर साधारण ६०० टीबी लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिले तरी हा कोटा संपायला ८२ वर्षे लागतात. हा हिशेब काका पावतीच्या पाठीवर मांडून दाखवतात आणि मग क्यूएलसी जात स्वस्त असूनही नको म्हणतात, कारण तिची हमी कमी असते. स्वतःचे वय ६४ असणे हा त्यांच्या लेखी वेगळा विषय आहे. दुसरा मुद्दा भांडणाचा. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या, माल तेवढाच असतो. काकांना ते पटते, तरी वजनात मारल्याची शंका जात नाही.

बसवण्याचा विधी थोडक्यात सांगण्याजोगा आहे. एसएसडी तिरकी खुपसायची, अलगद आडवी दाबायची आणि टोकाला एक बारीक स्क्रू लावायचा. हा स्क्रू मदरबोर्डाच्या खोक्यात असतो, आणि खोके काकूंनी दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याला दिलेले असते. बऱ्याच जुन्या बोर्डांत एम-टू स्लॉट भरला की एखाददुसरे साटा पोर्ट बंद पडते. नेमका त्यावर सीडी ड्राइव्ह असतो. सत्यनारायणाची सीडी लागेना की घरात पहिल्यांदा एसएसडीविषयी मत नोंदवले जाते.

खरे पर्व यानंतर सुरू होते, ते थंड ठेवण्याचे. एसएसडीत मुख्यतः तापतो तो कंट्रोलर, म्हणजे हिशेब ठेवणारी चिप. बहुतेक कंपन्या ७० अंशांपर्यंतचे तापमान कामाला योग्य मानतात. त्याहून फार वर गेले की एसएसडी जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करते. हेच थ्रॉटलिंग. पत्रे टाइप करताना ही वेळ येत नाही. शेकडो जीबी एकदम ओतले तर येते, आणि थ्रॉटलिंग बघायला मिळावे म्हणून काका नाट्यगीते मुद्दाम इकडून तिकडे आणि तिकडून इकडे ओततात.

उपाय साधा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि त्याखाली उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी. या पट्टीवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो सोलायचा असतो. निम्मे लोक तो सोलत नाहीत आणि हीटसिंकला शिव्या देतात. काका सोलतात, तपासणीच्या नोकरीचा हा फायदा मान्य करायला हवा. कंपनीचे लेबल मात्र ते तसेच ठेवतात, कारण ते काढले की वॉरंटीवर पाणी सोडावे लागते. ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखालचा स्लॉट टाळून वरचा निवडावा, हेही त्यांनी बरोबर हेरलेले असते.

घोटाळा मापनात होतो. यार्डात सवयीची झालेली टेम्परेचर गन काका हीटसिंकवर रोखतात आणि आकडा येतो ४१. क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर त्याच क्षणी ६८ दाखवते. काका अर्थातच गनवर विश्वास ठेवतात. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची उष्णता फारशी किरणरूपाने सोडत नाही, खोलीतलीच परावर्तित करते; म्हणून गनला धातूऐवजी समोरची भिंत दिसते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा हीटसिंकवर चिकटवून त्यावर नेम धरला की आकडा पुष्कळ खरा येतो. हे कळल्यावर काका घरातल्या प्रत्येक चकचकीत भांड्यावर टेप लावून पाहतात. कुकरही सुटत नाही.

मे महिन्यात बाहेर पारा ४४ वर जातो आणि बंद खोलीत ३८ असतो. हीटसिंक कितीही मोठा असला तरी भोवतालच्या हवेहून थंड होऊ शकत नाही, हा निसर्गाचा नियम काकांना वैयक्तिक अपमान वाटतो. ते डब्याची बाजू उघडतात आणि वाळ्याचा कूलर संगणकाकडे वळवतात. हवा थंड येते यात शंका नाही. तिच्याबरोबर बारीक तुषार आणि यार्डाकडून उडालेली कोळशाची धूळ येते, दोन्ही मिळून बोर्डावर काळा लेप बसतो. शिवाय समोरून आत, मागून बाहेर ही पंख्यांनी आखलेली हवेची वाट मोडते. बाजू बंद करून समोर एक १२० मिलिमीटरचा पंखा लावला असता तर काम झाले असते आणि कूलर काकूंकडे राहिला असता. काकूंनी हा तोडगा, तांत्रिक कारण न देता, पहिल्याच दुपारी सुचवलेला असतो.

पावसाळ्यात हवा दमट झाली की कूलर निरुपयोगी होतो आणि काका नाइलाजाने पंखा आणतात. आकडा ५० च्या खाली येतो. शेजारपाजारचे आता आपापले संगणक घेऊन येऊ लागतात. काका प्रत्येकाला पापुद्रा सोलून देतात, कोणाची एसएसडी ‘सिक’ ठरवतात, जुनी हार्ड डिस्क यूएसबीच्या डबीत घालून बॅकअप घ्यायला लावतात. त्या एका सल्ल्याने गल्लीतल्या निदान दोन लग्नांचे फोटो वाचलेले असतात. डिसेंबरात एसएसडी काही न करता ३२ अंशांवर राहते. गन टेबलावर पडून असते, काका अस्वस्थ होतात आणि काकूंच्या गिझरकडे पाहू लागतात.